देहाची कीर्द-खतावणी

राजांच्या खजिन्यांचे हिशेब इतिहासानें जपून ठेवले आहेत. देवस्थानांच्या जमाखर्चाच्या वह्या दप्तरांतून अजूनही निघतात, आणि सावकारी बाडांतून चार-चार पिढ्यांचीं कर्जें वाचतां येतात. परंतु माणसानें स्वतःच्या देहाचा हिशेब केव्हांपासून मांडावयास आरंभ केला, त्या हिशेबांत जमेच्या बाजूस काय लिहिलें आणि खर्ची काय टाकलें, या प्रश्नाकडे आपल्याकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं. वास्तविक हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. ‘वजन किती उतरलें?’ अशी विचारपूस आज तालुक्याच्या गांवींही कानावर पडते, आणि उतरलेलें वजन ही प्रगति समजली जाते. आपल्या आजोबांच्या कानांस हेंच वाक्य एखाद्या दुखण्याच्या चौकशीसारखें वाटलें असतें. दोन-तीन पिढ्यांत एका शब्दाचा अर्थ असा उलटा व्हावा, यामागें कांहीं इतिहास असलाच पाहिजे. तो थोडक्यांत पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

मी राहतों तें मालेगांव वऱ्हाडांतलें. नाशिक जिल्ह्यांतील यंत्रमागांच्या मालेगांवाशीं वाचकांनीं त्याची गल्लत करूं नये. अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव मालेगांव जहांगीर या नांवानेंही ओळखलें जातें. इंग्रजी अमलांतला जुना वाशीम जिल्हा १९०५ सालीं मोडून बव्हंशीं अकोल्यांत घातला गेला. १ जुलै १९९८ रोजीं तो पुन्हा वेगळा झाला, आणि मालेगांव त्याचा एक तालुका झाला. कापूस, तूर, ज्वारी आणि अलीकडे सोयाबीन हीं इथलीं पिकें. अशा ठिकाणीं भाषा हाच पहिला पुरावा मानावा लागतो. आपल्याकडे माणूस अंगानें भरला म्हणजे त्याची ‘तब्येत सुधारली’ असें म्हणतात. आनंद झाला म्हणजे ‘अंगावर मूठभर मांस चढतें’. सुखवस्तु घरचा मनुष्य ‘खात्यापित्या घरचा’ असतो, आणि तान्ह्या मुलानें ‘बाळसें धरलें’ कीं आजीच्या जिवाचा घोर जातो. उलट कोणी बारीक झाला तर वऱ्हाडी मनुष्य काळजीनें विचारतो, “सर, लयच वायले तुमी! शुगर निंगाली काय?” वाळणें हें झाडाचें आणि माणसाचें सारखेंच दुर्दैव, ही भावना या एका क्रियापदांत सांठलेली आहे.

ही भाषा आळशी लोकांनीं घडविलेली नाहीं. ती भुकेनें घडविली आहे. १८९६-९७ आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडानें लागोपाठ सोसले. दुसऱ्यास तर संवताच्या आंकड्यावरून ‘छपन्नचा दुष्काळ’ असें नांवच पडलें. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील लक्षावधि माणसें खडी फोडीत रोजगार हमीच्या आधींच्या दुष्काळी कामांवर उन्हांत उभीं होतीं. त्या वेळीं वांटलेली सुकडी आणि रेशनवर मिळालेला लाल मिलो यांची चव ज्यांच्या जिभेवर अजून आहे, असे लोक आपल्या घरांतून आहेत. ज्या समाजानें हाडें वर आलेलीं माणसें पाहिलीं, त्यानें अंगावरच्या मांसाला संपत्ति समजावें यांत नवल काय? चरबी म्हणजे पुढील वाईट वर्षासाठीं देहानें काढून ठेवलेली शिल्लक होय. शिल्लक वाढली म्हणून शोक करणारा कुणबी कोणी पाहिला आहे काय?

तथापि आपल्या परंपरेंत दुसरी बाजू नव्हतीच, असें मात्र कोणी समजूं नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत निंद्य अशा आठ देहप्रकारांचा एक अध्याय आहे, आणि त्यांपैकीं अतिस्थूल व अतिकृश या दोघांवर ग्रंथकारानें विशेष विस्तार केला आहे. अतिस्थूलाचे आठ दोष तेथें मोजले आहेत: आयुष्य घटणें, हालचाल मंदावणें, अशक्तपणा, फार घाम, अनावर भूक, अनावर तहान इत्यादि. कारणेंही सांगितलीं आहेत. गोड व जड अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोंप, कसलीही चिंता नसणें, आणि याच्या जोडीला बीजाचा स्वभाव, म्हणजे आजच्या भाषेंत आनुवंशिकता. एवढेंच नव्हे तर स्थूल आणि कृश यांत कृश बरा, असा स्पष्ट निवाडाही त्यानें दिला आहे. कारण स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण. उपायांत सातूसारखीं रूक्ष धान्यें आहेत, मध आहे, व्यायाम आहे, जागरण आहे आणि चिंताही आहे! मात्र हें सर्व क्रमाक्रमानें वाढवावें, अशी अट त्यानें घातली आहे. सुश्रुत व वाग्भट यांचा दंडक तर प्रसिद्धच आहे: व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्यानें करावा, कपाळावर, नाकावर व कांखेंत घाम आला आणि तोंडानें श्वास घ्यावा लागला म्हणजे थांबावें. घड्याळ नसलेल्या काळांत शरीरालाच घड्याळ करण्याची ही युक्ति आजही जुनी झालेली नाहीं.

पण चरकाच्या चिकित्सेंत एक वस्तु नाहीं, ती म्हणजे तराजू. आपल्याकडे माणसाला तराजूंत घालीत नव्हते असें नाहीं. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळीं शिवछत्रपतींची सुवर्णतुला झाली, हें आपण शाळेंत शिकतों. परंतु ती तुला दानासाठीं होती. एका पारड्यांत राजा बसला तो आपलें वजन किती हें जाणण्यासाठीं नव्हे, तर दुसऱ्या पारड्यांतलें सोनें वांटून टाकण्यासाठीं. देहाचें वजन ज्ञानाचें साधन होऊं शकतें, ही कल्पना अन्यत्र निघाली.

ती निघाली इटलींत. सांतोरिओ सांतोरिओ (१५६१-१६३६) हा पाडुआ येथील वैद्यकाचा प्राध्यापक. त्यानें एका मोठ्या तराजूच्या दांडीला खुर्ची टांगली, आणि तींत बसून जेवणापूर्वीं व जेवणानंतर, झोंपेपूर्वीं व झोंपेनंतर स्वतःचें वजन करीत राहिला. असा हिशेब त्यानें सुमारें तीस वर्षें ठेवला. त्याला दिसलें कीं, दिवसांत आठ पौंड अन्नपाणी पोटांत गेलें तर त्यांतले सुमारें पांच पौंड डोळ्यांस न दिसतां, श्वासानें व त्वचेवाटें, उडून जातात. १६१४ सालीं हे निष्कर्ष त्यानें छापले. देहाची खरी कीर्द येथून सुरू झाली असें म्हणतां येईल. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, या पहिल्या हिशेबनिसाला बारीक व्हावयाचें नव्हतें. त्याला केवळ समजून घ्यावयाचें होतें.

बारीक होण्याचा पहिला प्रसिद्ध हिशेब त्यानंतर अडीचशें वर्षांनीं लिहिला गेला, आणि तो कोणा वैद्यानें नव्हे, तर लंडनमधील एका निवृत्त व्यावसायिकानें. विल्यम बँटिंग याच्या घराण्याकडे इंग्लंडच्या राजघराण्यांतील अंत्ययात्रांची व्यवस्था असे. उंची पांच फूट पांच इंच आणि वजन २०२ पौंड. बुटाची नाडी बांधणें त्याला अशक्य झालें होतें, आणि गुडघ्यांवर ताण येऊं नये म्हणून जिना तो पाठमोरा उतरत असे. व्यायाम करून पाहावा म्हणून त्यानें रोज सकाळीं दोन तास नाव वल्हविली. त्यानें दंड भरले, पण भूकही तितकीच वाढली आणि वजन चढलें. अखेर कमी ऐकूं येतें म्हणून तो विल्यम हार्वे नांवाच्या कानाच्या डॉक्टराकडे गेला. त्यानें पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडण्यास सांगितलें. ऑगस्ट १८६२ पासून पुढील सप्टेंबरपर्यंत ४६ पौंड वजन उतरलें आणि कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनीं घटला. तारीखवार वजनाचा तक्ता जोडून त्यानें १८६३ सालीं एक छोटेखानी पत्रक स्वखर्चानें छापलें आणि फुकट वांटलें. त्याचा एवढा गाजावाजा झाला कीं त्याच्या आडनांवाचेंच क्रियापद झालें. इंग्रजींत तें आतां लोपलें आहे. परंतु स्वीडनच्या भाषेंत पथ्य करून बारीक होण्याला आजही ‘बांता’ असेंच म्हणतात.

बँटिंगच्या तक्त्यांत दोन गोष्टी प्रथमच एकत्र आल्या. एक, स्वतःच्या देहाचा कालक्रमानुसार आलेख. आणि दुसरी, तो आलेख चार लोकांसमोर ठेवण्याचें धैर्य. आज ज्याला आपण वैयक्तिक प्रगतीचा आढावा म्हणतों त्याचें मूळ येथें आहे. त्याबरोबर त्यांतली एक उणीवही येथूनच आली, ती म्हणजे यशाचें माप एका कांट्यावर ठेवणें.

महाराष्ट्रांत मात्र त्याच काळांत प्रगतीची दिशा उलट होती. येथें प्रश्न देह उतरविण्याचा नसून घडविण्याचा होता. मल्लखांबाचे पुनरुज्जीवक बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या काळांतले. त्यांच्या परंपरेनें तालमीची विद्या पेशवाईनंतरही जिवंत ठेविली. टिळकांची गोष्ट सर्वश्रुत आहे. डेक्कन कॉलेजांत दाखल झाले तेव्हां त्यांची प्रकृति अगदीं किरकोळ होती. पहिलें वर्ष त्यांनीं तालीम, कुस्ती व पोहणें यांत घालविलें, परीक्षा हातची जाऊं दिली, आणि देह कमावला. त्या वर्षाचा हिशेब त्यांना पुढें मंडालेच्या सहा वर्षांत उपयोगी पडला असेंच म्हटलें पाहिजे. त्या काळच्या तरुणाला कोणी ‘बारीक हो’ असें सांगितलें असतें, तर त्याला ती थट्टा वाटली असती.

या दोन प्रवाहांचा संगम ज्यांच्या चरित्रांत दिसतो ते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१). १८९७ च्या सुमारास युरोपांत युजेन सँडो याचें नांव गाजत होतें. देहाच्या प्रत्येक स्नायूचें माप घ्यावें, ठराविक कसरत करावी, पुन्हा माप घ्यावें, अशी त्याची पद्धति. पुस्तकें आणि उपकरणें तो टपालानें विकी, आणि १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानांतही प्रयोग करून गेला. पंतप्रतिनिधींनीं सँडोचीं उपकरणें व पुस्तकें मागविलीं, आणि सुमारें दहा वर्षें त्याची पद्धति निष्ठेनें पाळली. पुढें १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले, व आपणांस काय अनुभव आला हें त्यांनीं पुस्तकरूपानें लोकांपुढें ठेविलें. लंडनच्या वृत्तपत्रांतील लेखिका लुईज मॉर्गन हिच्या मुलाखतींतून सिद्ध झालेलें त्यांचें इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं प्रसिद्ध झालें.

राजाला उपकरणें परवडत होतीं. मग त्यानें तीं कां टाकावीं? याचें उत्तर त्यांच्या लेखनांत आहे. नमस्काराला पैसा लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं, सोबती लागत नाहीं, आणि तो आबालवृद्धांना, स्त्री-पुरुषांना सारखाच साधतो. औंध संस्थानच्या शाळांतून मुलांबरोबर मुलींनाही त्यांनीं नमस्कार घालावयास लावले. स्वतःच्या देहावर घेतलेला अनुभव प्रजेच्या उपयोगीं पडावा, ही दृष्टि सँडोच्या व्यापारांत नव्हती आणि बँटिंगच्या पत्रकांत अर्धीच होती. एकट्याच्या वहींतील नोंद सार्वजनिक शिक्षणांत उतरली, हें औंधचें वैशिष्ट्य होय.

वऱ्हाडानेंही या कामीं मागें राहणें पत्करलें नाहीं. १९१४ सालीं अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनीं अमरावतीस हनुमान आखाड्याचा पाया घातला. त्याचेंच पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं या मंडळाच्या पथकानें देशी व्यायामांचीं प्रात्यक्षिकें जगासमोर करून दाखविलीं. तिकडे लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून योगाभ्यासाला प्रयोगशाळेची कसोटी लावली; आणि बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनीं व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. हे सर्व प्रयत्न एकाच समजुतीवर उभे होते. ती ही कीं, व्यायाम हा रोग्याचा उपचार नसून नागरिकाचा नित्यक्रम आहे.

मग बिघडलें कोठें? शहाणपण पुस्तकांत होतें, आखाडे गल्लोगल्लीं होते. तरीही आज आपल्या देशांत सुमारें दहा कोटि माणसें मधुमेही आहेत, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनें दाखविलें. आपण आळशी झालों, असें एका वाक्यांत उत्तर देण्याचा प्रघात आहे. तें मला पुरेसें वाटत नाहीं. आखाड्यांत जाणारे सर्व काळीं मूठभरच होते. बाकीच्या समाजाचा व्यायाम शेतांत, विहिरीवर, जात्यावर आणि रस्त्यावर आपोआप होत असे. तो व्यायाम कोणीं सोडला नाहीं. तो आपल्या हातून सुटत गेला. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धांवली. पुढें ती गांवोगांव पोंचली. पीठगिरणी आली, नळ आला, मोटारसायकल आली. ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झालेला नागपूर-शिर्डी समृद्धि महामार्ग मालेगांव तालुक्यांतून जातो. यांतली एकही वस्तु वाईट नाहीं. जातें बंद झालें म्हणून अश्रु ढाळणारे बहुधा पुरुषच असतात. दळणाऱ्या बायकांनीं तें कधीं केलेलें नाहीं. परंतु श्रम गेले त्यांच्याबरोबर देहाचा खर्चही गेला, आणि जमेची बाजू मात्र पूर्वीपेक्षां जड झाली.

यास शास्त्राचा आधार आहे. लंडनमध्यें जेरेमी मॉरिस या संशोधकानें दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची तपासणी केली व १९५३ सालीं निष्कर्ष छापले. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षां दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असे. पुढें त्यानें कंपनीच्या शिंप्यांकडील गणवेशांचीं मापें पाहिलीं. चालकांच्या विजारींची कंबर अधिक रुंद होती. दोघांच्या कामांत मुख्य फरक होता तो बसण्या-चढण्याचा. तसेंच १९५६ सालीं झाँ मेयर व त्याच्या सहकाऱ्यांनीं बंगालमधील तागाच्या गिरणींतील कामगारांचा अभ्यास केला. श्रमाचें काम करणारा अधिक खातो हें अपेक्षितच होतें. नवल हें कीं, अगदीं बैठें काम करणारेही हलकें काम करणाऱ्यांपेक्षां अधिक खात होते आणि अधिक जड होते. म्हणजे कांहीं एका मर्यादेखालीं हालचाल गेली कीं भुकेचा कांटाच बिघडतो. बँटिंगला वल्हविण्यानें भूक लागली हें खरें. पण मुळींच न हलणाऱ्याची भूकही त्याला खरें सांगत नाहीं.

येथें प्रस्तुत लेखकाच्या वहीचा उल्लेख केल्यास तो अप्रस्तुत ठरूं नये. वयाची पंचावन्नी गांठतांना माझें वजन ८९ किलो आणि कंबर ४१ इंच होती. उंची साडेपांच फूट. प्राध्यापकाचा पेशा हा बसण्याचाच. पहांटे शिरपूरच्या रस्त्यानें तासभर चालणें, आल्यावर बारा नमस्कार, रात्रीच्या जेवणांत भाताऐवजीं ज्वारीची भाकरी, आणि चहांतील साखर बंद, एवढाच माझा कार्यक्रम होता. नमस्कारांची संख्या महिन्याला दोन याप्रमाणें वाढवीत नेली. पहिल्या तीन महिन्यांत पांच किलो उतरले. त्यानंतर अकरा आठवडे कांटा तसूभर हलला नाहीं. सोळा महिन्यांअखेर वजन ७८ किलो झालें, आणि तेथेंच तें थोडें खालींवर होत आहे. या वहींत सांगण्यासारखें जें कांहीं आहे तें त्या अकरा आठवड्यांतच आहे. कारण त्या काळांत वजन स्थिर असतांना कंबर एक इंचानें कमी झाली, आणि कॉलेजचा जिना चढल्यावर व्याख्यान लगेच सुरू करतां येऊं लागलें. कांट्याच्या दृष्टीनें त्या अडीच महिन्यांत कांहींच घडलें नाहीं. देहाच्या दृष्टीनें पुष्कळ घडलें.

कांटा कां अडतो, याचें कारण देह हा भांडें नसून कारभारी आहे हें होय. आवक घटली कीं तो खर्चही आखडतो. याचा सर्वांत कठोर पुरावा १९४४-४५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथें मिळाला. महायुद्धांत उपासमार झालेल्या लोकांना कसें सांवरावें हें समजावें म्हणून अँसेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेविलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. पण त्याबरोबर नाडी मंदावली, थंडी सोसेना, मन उदास झालें, आणि दिवसरात्र अन्नाखेरीज दुसरा विषय सुचेना. छपन्नच्या दुष्काळांत आपल्या पूर्वजांच्या देहांनीं काय केलें असेल, याची कल्पना या प्रयोगावरून येते. अल्प अन्नांत तग धरण्याची जी विद्या त्या देहांनीं आपल्याला दिली, तीच आज पथ्य करणाऱ्याच्या आड येते. म्हणून अडलेल्या कांट्यावर चिडण्याऐवजीं त्याच्यापुढें थोडें नम्र व्हावें, हें बरें.

याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, कांटा जें सांगतो तें अपुरेंच असतें. वजनाला उंचीच्या वर्गानें भागून जो अंक येतो त्याचें मूळ केतले या बेल्जियन गणितज्ञाच्या १८३० च्या दशकांतील अभ्यासांत आहे. त्याला आजचें बी.एम.आय. हें नांव कीज यानेंच १९७२ सालीं रूढ केलें. हा अंक समाजाच्या सरासरीसाठीं काढलेला आहे. व्यक्तीच्या अंतरंगाची ग्वाही तो देत नाहीं. याचें उदाहरण पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं स्वतःच्या देहावर दिलें. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बी.एम.आय. अगदीं सारखा, म्हणजे २२.३ होता. परंतु देहांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. दोघांचें छायाचित्र २००४ सालीं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत छापलें गेलें. सांतोरिओप्रमाणें येथेंही संशोधक स्वतःच पारड्यांत बसला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

याज्ञिकांचें कार्य एवढ्यावर थांबलें नाहीं. पुण्याजवळील खेड्यांतील मातांचा त्यांनीं १९९३ पासून अभ्यास चालविला. तेथील नवजात मुलांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साऊथॅम्पटन येथील मुलांचें ३.५ किलो. आपलीं मुलें हलकीं. पण त्यांच्यांत कमतरता होती ती स्नायूंची, चरबी मात्र त्या मानानें टिकून होती. आईच्या पोटांत असतांनाच उपासाची तयारी करून आलेला हा देह पुढें बसून खाऊं लागला कीं लवकर मधुमेहाकडे वळतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं २००४ सालीं आशियाई लोकांसाठीं सावधगिरीचा अंक २५ ऐवजीं २३ असा खालीं आणला.

आमच्या गांवच्या दृष्टीनें या संशोधनाचा अर्थ गंभीर आहे. ज्याला आपण ‘सडपातळ’ म्हणून निश्चिंत सोडतों तो दुकानावर दिवसभर बसणारा तरुण, आणि मुलाबाळांचें उरलेसुरलें खाऊन राहणारी, वजनानें हलकी पण श्रमानें खंगलेली बाई, या दोघांनाही कांटा निर्दोष ठरवील. व्याधि मात्र त्यांना ओळखील. ‘शुगर ही खात्यापित्या घरची व्याधि’ अशी समजूत आपल्याकडे अद्याप आहे. ती दूर होईपर्यंत गरिबाच्या घरांतली शुगर उशिरां कळेल, आणि उशिरां कळलेल्या शुगरचा खर्च पाय, डोळे व मूत्रपिंडें यांनीं द्यावा लागेल. वजनाच्या चर्चेंतला खरा धोका हा आहे: ती ज्यांना परवडते त्यांच्याभोंवतींच फिरते.

तेव्हां प्रगति म्हणावें कशाला? इतिहासानें तीन उत्तरें आपल्यासमोर ठेविलीं आहेत. बँटिंग म्हणेल, कांटा खालीं आला ती प्रगति. सँडो म्हणेल, छाती व दंड भरले ती प्रगति. औंध आणि अमरावती येथील मंडळी म्हणतील, जी कृति उद्यांही होईल आणि शेजाऱ्यालाही जमेल ती प्रगति. पहिल्या दोन उत्तरांत कांहीं खोटें नाहीं. पण त्यांचा आधार एकट्याची जिद्द, आणि जिद्द ही दोन-चार महिन्यांची वस्तु आहे. वजन उतरविलेल्यांपैकीं पुष्कळांचें तें पुन्हा चढतें, हें आधुनिक वैद्यक सांगतेंच. चढलेलें वजन पाहून मनुष्य स्वतःला दोष देतो आणि चालणेंही सोडून देतो. वास्तविक चालण्यानें रक्तांतील साखर, रक्तदाब व झोंप यांना झालेला लाभ वजनावर मुळींच अवलंबून नसतो. कांट्याच्या एका रकान्यासाठीं सबंध खतावणी फाडून टाकणें, हा शहाणा व्यवहार नव्हे.

माझ्या मतें देहाच्या वहींत निदान चार रकाने असावेत. वजन महिन्यांतून एकदां. कंबर महिन्यांतून एकदां, साध्या शिवणटेपानें. आठवड्यांत किती मिनिटें चाललों, कारण प्रौढांस आठवड्याला निदान १५० मिनिटें मध्यम श्रम अवश्य आहेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत आहे. आणि चौथा रकाना, जें काम पूर्वीं दम लागल्यावांचून होत नव्हतें तें आतां होतें कीं नाहीं. मधुमेह असल्यास साखरेची नोंद डॉक्टरांच्या सल्ल्यानें. या वहीला शिवणटेपाखेरीज कांहीं विकत घ्यावें लागत नाहीं.

परंतु वही पुरेशी नाहीं. पुरुषाला पहांटे रस्त्यानें एकट्यानें चालतां येतें. आमच्या गांवांतील बायकांना तें येत नाहीं. अंधार, भरधांव वाहनें, कुत्रीं, आणि याहून अधिक म्हणजे ‘हिला कामें नाहींत काय?’ असा बघणाऱ्यांचा प्रश्न. शाळांचीं मैदानें सकाळसंध्याकाळ तासभर उघडीं ठेवावींत, तेथें दिवा असावा, आणि बायकांचा एखादा तास ठरलेला असावा, एवढी व्यवस्था कोणत्याही नगरपंचायतीच्या आवांक्यांतली आहे. शंभर वर्षांपूर्वीं औंधच्या राजानें मुलींना नमस्कार शिकविले आणि अमरावतीच्या दोघां भावांनीं आखाडा काढला, तेव्हां त्यांच्यापाशीं यंत्रेंही नव्हतीं आणि मधुमेहाचे आंकडेही नव्हते. आपल्यापाशीं दोन्ही आहेत.

‘अंगावर मूठभर मांस चढणें’ हा वाक्प्रचार भाषेंतून काढून टाकावा, असें मला मुळींच वाटत नाहीं. त्यांत आपल्या पूर्वजांचा उपास आणि त्या उपासांतून वांचल्याचा आनंद आहे. त्या वाक्प्रचाराला जोडून आणखी एखादा नवा वाक्प्रचार मराठींत रुळावा, इतकेंच. कोणी बरेच दिवसांनीं भेटला म्हणजे ‘वाळलास’ किंवा ‘सुधारलास’ असें न म्हणतां ‘सध्यां किती चालतोस?’ असें आपण विचारूं लागलों, तर दोन पिढ्यांत त्याचाही इतिहास होईल.